टॉफीवरचा आळ

टॉफीला लागली की तो आधी बसल्या जागी दोनदा गोल फिरायचा. मग नावेच्या काठावर हनुवटी टेकून पाण्याकडे बघत राहायचा आणि त्याच्या घशातून बारीक, लाजल्यासारखा आवाज निघायचा. कुत्र्याला लागलीय हे त्याच्या मालकिणीला, चंचल मॅडमना, कळायला चार-पाच फेऱ्या लागल्या. दुर्पताला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तेव्हा नाव तलावाच्या मधोमध होती आणि करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुर्पता उईके तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. चोरखमाऱ्याच्या जंगलपट्ट्यात तिचं गाव आणि गावाला लागून एक जुना तलाव. त्याला सगळे मोठी बोडी म्हणतात. नाव बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पण या काठावरून त्या काठावरचा माणूस बाई की बाप्या ते ओळखू येत नाही. तिथे पर्यटन सुरू झालं तेव्हा गावच्या पर्यटन समितीने ठरवलं की नावा बचत गटाच्या बायांनी चालवायच्या. पेपरात फोटो आला. सात जणी शिकल्या. दुर्पताचा बाप मासेमारांसोबत डोंगा घालायचा, त्यामुळे वल्ह्याची तिला लहानपणापासून सवय होती. ती सगळ्यांत आधी तरबेज झाली.

दोन वर्षांत सातातल्या चार जणी काम सोडून गेल्या. कोणी सांगितलं सासू आजारी, कोणी सांगितलं शेतात माणूस नाही. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि ते कोणी बोलत नव्हतं. घाटावर संडास होता. दोन दारांचा, आतून पांढऱ्या फरशीचा, बाहेर बाईचं आणि बाप्याचं चित्र रंगवलेला. त्याची किल्ली समितीच्या सचिवाकडे, केशोरावांकडे, त्यांच्या खोलीतल्या खिळ्याला असायची. रोज सकाळी नाव चालवणाऱ्या बायाच पाळीपाळीने तो घासून धुवायच्या, आणि धुऊन झालं की कुलूप लावून किल्ली खिळ्याला परत. त्यानंतर तो पर्यटकांचा.

बाकीची सोय म्हणजे जंगल. पण घाटाच्या मागे आता गाड्या लागत होत्या, त्यामागे तारेचं कुंपण पडलं होतं आणि कुंपणापलीकडे बांबू. त्या बांबूत मागच्या उन्हाळ्यात मोह वेचणाऱ्या एका बाईला अस्वलाने धरलं होतं. ती वाचली, पण तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. तेव्हापासून एकटीने तिकडे जायची कोणाची छाती होत नव्हती. सोबत घेऊन जावं तर मागे पर्यटकांची रांग खोळंबलेली.

म्हणून दुर्पताने आपल्यापुरता उपाय शोधला होता. सकाळी अर्धा कप चहा. त्यानंतर संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. उन्हात जीभ टाळूला चिकटायची. लोकांना ती पक्ष्यांची नावं सांगायची तेव्हा शब्द कोरडे निघायचे. चार हात अंतरावर सगळं पाणीच पाणी, आणि ती त्याकडे बघायचीसुद्धा नाही.

चंचल मॅडम गोंदियाच्या. राइस मिलवाल्यांच्या घरची सून, वय पस्तीसच्या आत-बाहेर, बोलायला गोड. त्या पहिल्यांदा आल्या त्या दिवशी टॉफीने नावेत घाण केली, मॅडमच्या सॅन्डलला लागली आणि मॅडमच्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. घाटावर उतरल्यावर केशोराव दुर्पतालाच बोलले.

"कुत्रा बसवाच्या आधी त्याले फिरवून आणता नाही येत काय? येवढं बी सांगा लागते काय तुले?"

दुर्पताने बादली भरून आणली. तिने नाव धुतली. मनात तिला त्यांचं पटलं होतं. मुक्या जनावराला वेळ सांगता येत नाही, माणसाने समजून घ्यावं.

दोन आठवड्यांनी मॅडम पुन्हा आल्या तेव्हा तिने तयारी करून ठेवली होती. बांधावरची हरळी मातीसकट कुदळीने चौकोनी कापून घमेल्यात बसवली. टॉफीला आधी काठावर फिरवलं आणि तो मुतला त्या जागची मूठभर ओली माती त्या हरळीवर टाकली. मग घमेलं नावेच्या पुढच्या टोकाला ठेवलं. पाऊण तासाने टॉफी गोल फिरायला लागला तशी तिने वल्ही आत ओढली, नाव स्थिर केली आणि त्याला पट्ट्याला धरून घमेल्याशी नेलं. त्याने हुंगलं, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाय वर केला.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "अरे वा, दुर्पताबाई. हमारे ट्रेनर से नहीं हुआ वो आपने कर दिया."

मोठ्या कामासाठी मात्र घमेलं चालायचं नाही, टॉफीला जमीनच लागायची. तलावात पूर्वेकडे एक बेट होतं, चार पळसाची झाडं आणि गवत, एवढंच. तासाभराने नाव तिथे लावायची असं दुर्पताने ठरवून टाकलं. ती खुरपं घेऊन उतरायची, पाण्यापासून दूर, झाडांच्या पलीकडे हातभर खड्डा करायची आणि टॉफीचं झालं की माती लोटून वर दगड ठेवायची.

पलीकडच्या काठावर उतरून जंगलातली पायवाट चालायची असली तर ती अजून कडक व्हायची. दोरी हातभरापेक्षा लांब सोडायची नाही. बांबूत शिरू द्यायचं नाही. नाल्याजवळ बसू द्यायचं नाही, कारण चितळ तिथे पाणी पितात, त्यांच्यामागे रानकुत्री येतात आणि रानकुत्र्यांना गावातल्या कुत्र्यांचा रोग लागला की कळपच्या कळप मरतो. तिचा नवरा उदेभान उन्हाळ्यात जंगलात आगीवर लक्ष ठेवायला रोजंदारीने जायचा, त्याच्याकडून हे तिला कळलेलं. शिवाय तिचा स्वतःचा काळा कुत्रा परसात शी करायला बसला असताना बिबट्याने उचलला होता. तिच्या डोळ्यांदेखत, संध्याकाळच्या उजेडात. बसलेला कुत्रा पळू शकत नाही, हे ती तेव्हा शिकली. म्हणून टॉफी बसला की ती त्याच्याकडे पाठ करून झुडपांकडे तोंड करून उभी राहायची, हातात काठी घेऊन. कुत्र्याची राखण.

मॅडम दर पंधरा दिवसांनी येऊ लागल्या. घाटावर उतरल्या उतरल्या विचारायच्या, "दुर्पताबाई आहे का?" दुसरी कोणी त्यांना चालायची नाही. त्यांनी दुर्पताचा आणि घमेल्याचा व्हिडिओ केला. तो पाहून अजून दोघं-तिघं आपापली कुत्री घेऊन आले. केशोराव खूश झाले. गावात मात्र तिला बाया हसायच्या. विहिरीवर एकजण म्हणाली, "माणसाचे झाले, आता कुत्र्याचे बी उचलून राहिली बा." दुर्पताने हंडा भरला आणि निघाली. तिला त्या कामाची लाज नव्हती. टॉफी तिला दिसला की लांबून धावत यायचा आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसायचा. ती त्याच्याशी घरच्या गोंडीत बोलायची, ते मॅडमला कळायचं नाही.

दिवाळीनंतर समितीची बैठक झाली तेव्हा उरलेल्या तिघींनी मिळून विषय काढायचं ठरवलं. बोलायची वेळ आली तेव्हा दोघी खाली बघत राहिल्या. दुर्पता उभी राहिली.

"संडासाची किल्ली आमाले दिवसा बी पायजे," ती म्हणाली. "आमीच धुतो. पुन्हा धुऊन देऊ."

खोलीत बाप्येच जास्त होते. कोणीतरी खाकरलं.

"तुमी जंगलच्या बाया," केशोराव हसत म्हणाले, "तुमाले संडास कायले पायजे? येवढा जंगल पडला हाये."

"जंगलात तुमीच तार लावली."

"पर्यटक येऊन पाहिन का घाण हाये, तर पुन्हा येईन काय? पाहू. पुढच्या बैठकीत घेऊ."

पुढची बैठक झाली, पण तो विषय त्यात नव्हता.

जानेवारीत तिला जळजळ सुरू झाली. आधी थोडी, मग लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी यावं इतकी. गावातल्या आशा कार्यकर्त्या अल्का रामटेके तिला म्हणाल्या, "दिवसभर पाणी नाही पीत ना तू? म्हणून होऊन राहिलं हे. दवाखान्यात चल, आणि दोन दिवस नाव सोड." दुर्पता म्हणाली, रविवार जाऊ दे, मॅडम येणार आहेत, त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. अल्काताईंनी गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. दुर्पताने ऐकलं. त्या रविवारी सकाळी ती तांब्याभर पाणी पिऊन निघाली.

मॅडमसोबत त्या दिवशी रायपूरचे पाहुणे होते, एक वयस्कर जोडपं आणि त्यांची मुलगी. बेत मोठा होता. नावेने पलीकडे जायचं, पायवाटेने देवीच्या दगडापर्यंत चालायचं, तिथे डबे खायचे आणि सूर्य बुडताना तलावात असायचं. टॉफीचं पोट आदल्या रात्रीपासून बिघडलेलं. लग्नघरचं काहीतरी खाल्लं होतं त्याने.

जाताना बेटावर एकदा थांबावं लागलं. पायवाटेवर दोनदा. प्रत्येक वेळी दुर्पताने खड्डा केला, काठी घेऊन उभी राहिली, माती लोटली. पाहुणे पुढे थांबून वाट बघत होते, मॅडम त्यांना सांगत होत्या की ही बाई किती हुशार आहे. देवीच्या दगडाशी सगळे जेवायला बसले तेव्हा दुर्पताला वाटलं, आता झुडपामागे जाऊन यावं. ती उठली तोच टॉफी पुन्हा कण्हायला लागला आणि मॅडमनी दोरी तिच्या हातात दिली. त्याला घेऊन परत येते तर डबे आवरून सगळे उभे होते. सूर्य खाली आला होता.

नाव निघाली. पहिल्या दहा-बारा वल्ह्यांतच तिला कळलं की आपल्याच्याने हे निभणार नाही. ओटीपोटात कोणी निखारा धरल्यासारखं झालं होतं. वल्हं ओढताना पोटावर जोर येत होता. टॉफी गोल फिरला, काठावर हनुवटी टेकली.

"रोको, रोको," मॅडम म्हणाल्या. "आयलंड पर ले लो, टॉफी को फिर से लगी है."

तिने बेटाला नाव लावली. टॉफीला उतरवलं, त्याचं केलं. त्याला परत नावेत चढवून ती तशीच पाण्यात उभी राहिली, एक हात काठावर ठेवून.

"मॅडम, मी बी पाच मिनिटं जाऊन येऊ काय? झाडामागे."

मॅडमनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग पश्चिमेकडे. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "अभी? दुर्पताबाई, सनसेट निकल जाएगा. मेहमान हैं साथ में, अच्छा नहीं लगता. दस मिनट का तो रास्ता है."

त्या रागाने बोलल्या नव्हत्या. रागाने बोलल्या असत्या तर कदाचित दुर्पता गेली असती. त्या समजावून सांगत होत्या, जसं आपण घरच्या माणसाला सांगतो, आणि दुर्पता नावेत चढली.

रस्ता दहा मिनिटांचा नव्हता. तलावाच्या मधोमध मॅडमनी नाव थांबवायला सांगितली, फोटोसाठी. पाणी लाल झालं होतं. पाहुण्यांची मुलगी उभी राहिली, नाव डुचमळली आणि तोल सावरायला दुर्पताने दोन्ही पाय फळीला रोवून वल्हं जोरात दाबलं. त्याच क्षणी तिच्या अंगातलं सगळं सुटलं. थांबवावं म्हणून थांबलं नाही. गरम धार लुगड्यातून खाली उतरली, फळीवरून नावेच्या तळाशी गेली आणि उताराने पुढे पाहुण्यांच्या पायांकडे सरकली. दुर्पता वल्हं धरून समोर बघत राहिली.

म्हाताऱ्या पाहुण्यांनी पाय वर घेतले. "ये क्या है?"

मॅडमनी खाली पाहिलं. टॉफी तिथेच, दुर्पताच्या पायांशी बसला होता.

"टॉफी," मॅडम ओरडल्या. "फिर से? नाव में?" त्यांनी त्याच्या नाकावर चापट मारली, मग अजून एक. "सबके सामने शरम नहीं आती?"

टॉफी दबून फळीखाली सरकला. कान मागे, शेपटी पोटाखाली. त्याने दुर्पताकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं. आतल्या आत शब्द तयारही झाला होता. पण तो बाहेर आला नाही. तिने वल्हं पाण्यात टाकलं आणि नाव घाटाकडे फिरवली. वाटेत मॅडम पाहुण्यांची माफी मागत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या की उद्यापासून याला घरी बांधून ठेवणार. दुर्पताचं लुगडं गडद रंगाचं होतं. कोणाला काही दिसलं नाही.

घाटावर केशोराव म्हणाले, "धुऊन टाक वो." तिने नाव धुतली. आपलंच आपण धुतोय आणि लोक समजतात कुत्र्याचं धुतेय, हे तिला त्या वेळी बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचाच तिला नंतर सगळ्यांत जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला. अल्काताईंनी गाडी बोलावून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. आठ दिवस सलाइन लागलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाणी का पीत नव्हता?" दुर्पता म्हणाली, "काम होतं." अल्काताई बाजूला उभ्या होत्या, त्यांनी सगळं सांगितलं, संडासाच्या किल्लीसकट. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं की नाही ते दिसलं नाही.

ती उठून फिरायला लागली तोवर होळी आली होती. केशोरावांचा निरोप आला की घाटावर ये, मॅडम आल्या आहेत, तुझी गरज आहे. ती गेली. संडासाच्या शेजारी नवीन बांधकाम झालं होतं. कमरेएवढी भिंत, आत धुतलेली वाळू, एका कोपऱ्यात हरळीचा चौकोन, पाण्याचा नळ आणि भिंतीवर हसऱ्या कुत्र्याचं चित्र. फाटक नुसतं लोटलेलं होतं, त्याला कडीसुद्धा नव्हती. मॅडमच्या घरच्यांनी ते बांधून दिलं होतं, त्यांच्या सासऱ्यांच्या नावाने.

"आपही का आयडिया है," मॅडम आनंदाने म्हणाल्या. "उस दिन के बाद मुझे लगा, बेचारे कुत्तों के लिए कुछ होना चाहिए. अब आप इन बाकी लोगों को सिखा दो, कैसे ट्रेनिंग देना है."

टॉफी गाडीजवळ बांधलेला होता. दुर्पताला बघून तो उठला, पण धावत आला नाही. दोरी आखूड होती म्हणून असेल.

"मॅडम," दुर्पता म्हणाली. "त्या दिवशी नावेत टॉफीनं नाही केलं. माहं होतं ते."

मॅडमना आधी समजलं नाही. केशोरावांना समजलं, त्यांनी दुसरीकडे मान वळवली. मग मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू ते उतरलं. त्यांनी दुर्पताच्या लुगड्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं आणि नकळत एक पाऊल मागे सरकल्या.

"तो... तब क्यों नहीं बोला?"

"लाज वाटली. तुमी त्याले मारलं, मी पाहत राहिली."

"ठीक है, छोड़ो. हो जाता है."

"मी तुमाले इचारलं होतं. बेटावर."

मॅडम केशोरावांकडे वळल्या. म्हणाल्या की ऊन फार झालंय, निघायला हवं. टॉफीला गाडीत बसवताना त्यांनी त्याच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला, तेवढं दुर्पताने पाहिलं. पुढे त्या आल्या तेव्हा दुसरी नाव मागितली. मग त्यांचं येणंच कमी झालं.

अल्काताईंनी अर्ज लिहिला, वरच्या कार्यालयात पाठवायला. नाव चालवणाऱ्या बायांना दिवसा संडास उघडा मिळावा, एवढाच. दुर्पताने सही केली. बाकीच्या दोघींनी उद्या करते म्हणून सांगितलं आणि पावसाळ्यापूर्वी तिघींनीही काम सोडलं. अर्जाचं उत्तर आलेलं नाही. आता मोठ्या बोडीवर नावा बाप्येच चालवतात. त्यांना कुंपणाची अडचण येत नाही, ते तारेकडे तोंड करून उभे राहतात. कुत्र्यांच्या वाळूत गावातली कुत्री येऊन झोपतात.

गोष्ट गावात पसरायची ती पसरली. पण दुर्पताला सगळ्यांत जास्त लागलं ते घरातलं. उदेभान दवाखान्यात आठ दिवस तिच्या पायाशी बसला होता, स्वतःच्या हाताने तिला पेज पाजली होती. तिने घाटावर जाऊन खरं सांगितल्याचं कळलं तेव्हा मात्र तो जेवणावरून उठला.

"सांगाले काऊन गेलीस? कोणाले मालूम होतं?"

"कुत्र्याले मालूम होतं."

"कुत्रा सांगणार होता काय?"

पंधरा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. आता बोलतो. पण घरी पाहुणा आला आणि नावेचा विषय निघाला की तो घाईने सांगतो, हिच्या खांद्याला वल्हं झेपत नव्हतं, म्हणून सोडलं काम. दुर्पता चुलीपाशी असली तरी तिला ऐकू येतं. ती हातातलं काम थांबवते, दारात येते आणि पाहुण्यासमोरच सांगते, "खांद्याले काही झालं नोतं. माहा खांदा चांगला हाये."

उदेभान खाली बघतो. पाहुणा विचारतो, मग काय झालं. आणि ती सांगते.